डिसेंबरातला धबधबा

धबधबा म्हटलं की आपल्या डोक्यात एकच चित्र येतं. जुलैचा शनिवार, माळशेज नाहीतर ताम्हिणी, घाटात लागलेली गाड्यांची रांग, हातात भाजलेलं कणीस आणि ऑफिसच्या ग्रुपचा तो एक फोटो, ज्यात पंधरा रेनकोट दिसतात आणि धबधबा दिसतच नाही. दिवाळी झाली की हा विषय बंद. डिसेंबरात उरलेल्या रजा संपवायच्या असतात, तेव्हा अर्धं ऑफिस गोव्याला जातं आणि उरलेलं ताडोब्याला वाघ बघायला. मीसुद्धा ताडोब्याच्या बाजूलाच गेले, पण वाघासाठी नाही. धबधब्याचा फोटो काढायला. आमच्या एचआरमधली मैत्रीण म्हणाली, "अगं, तिथे आता पाणी तरी असेल का?"

प्रश्न अगदी रास्त होता. सह्याद्रीतले बहुतेक धबधबे पावसाचे मिंधे. उभा कडा, वर पातळ माती. पाऊस थांबला की काही आठवड्यांत धार आटते आणि मागे उरतो तो काळ्या खडकावरचा पांढुरका ओघळ. चंद्रपूर-गडचिरोलीकडे डोंगर बुटके आहेत, पण झाडी दाट. पाऊस साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर आणि त्यापुढेही. ते पाणी जंगलातली माती आणि खडकांच्या भेगा धरून ठेवतात आणि पावसाळा संपल्यावर हळूहळू नाल्यात सोडतात. सगळेच नाले बारमाही नसतात, पण डिसेंबरपर्यंत कुठे ना कुठे धार टिकून असते. बारीक का होईना. आणि फोटोसाठी मला बारीकच हवी होती. पावसाळ्यात धबधबा म्हणजे कॅमेऱ्यासाठी एक पांढरा गोळा असतो. खडक दिसत नाही, पाण्याची वाट दिसत नाही, लेन्सवर तुषार उडतात आणि शेजारी कोणीतरी स्पीकर लावलेला असतो.

निवडलेली जागा होती मुक्ताई. चिमूर तालुक्यात, शंकरपूरजवळच्या डोमा गावाच्या जंगलात. पावसाळ्यात ही जागा नागपूर-चंद्रपूरच्या पोरांनी फुललेली असते. माना समाजाचं हे श्रद्धास्थान. त्यांची मुक्ताई इथली, म्हणून धबधब्याचं नावही तेच. नागपंचमीच्या सुमारास मोठी गर्दी होते. थंडीत मात्र कुत्रंही फिरकत नाही, असं नागपूरच्या मित्राने सांगितलं. कुत्रं का फिरकत नाही, ते त्याने सांगितलं नाही. ते पुढे येईलच.

नागपूरहून उमरेड, भिसी करत निघालात की शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे. उमरेडच्या कोळशाच्या खाणी मागे पडल्या की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. (आपण ज्याला भातशेती म्हणतो त्याला इथे धान म्हणायचं. भात म्हणजे ताटातला.) डिसेंबरात कापणी संपलेली असते, बांध्यांमध्ये पुंजणे रचलेले असतात आणि ज्या जमिनीत ओल शिल्लक आहे तिथे लाखोळीचा हिरवा गालिचा. मधूनच एखादा मामा तलाव. हा कोणाचा मामा नाही हं; माजी मालगुजारी तलाव, त्याचं हे लाडकं छोटं रूप. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, जुन्या काळी गावकऱ्यांनी आणि मालगुजारांनी शेतीसाठी बांधलेले. थंडीत त्यांच्यावर बदकं उतरतात. गाडी तीनदा थांबवली. ड्रायव्हर दादा आधी हसला, मग तिसऱ्या वेळी स्वतःच म्हणाला, "मॅडम, पुढच्या तलावावर जास्त आहेत, तिथे थांबवतो."

मुक्काम चिमूरला केला. चिमूर आपल्याला शाळेच्या इतिहासात एका ओळीत भेटतं: १६ ऑगस्ट १९४२. त्या दिवशी इथे लोकांनी इंग्रज सरकारविरुद्ध उठाव केला. पण तो दिवस नागपंचमीचा होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं. चहाच्या टपरीवरच्या आजोबांनी तारीख न सांगता "नागपंचमीले झालं ते" असंच सांगितलं. त्या दिवशी गोळीबारात गेलेला बालाजी रायपूरकर कोवळ्या वयाचा मुलगा होता. हे बोलताना आजोबा चहा ओतायचे थांबले नाहीत, पण आवाज जरा खाली आला.

त्या रात्री एक बोनस मिळाला. थंडी म्हणजे झाडीपट्टीत नाटकांचा सीझन. धान घरात आलं, हातात थोडे पैसे आले की गावोगाव मंडई भरते, काही ठिकाणी शंकरपट होतो आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या सगळ्याचं केंद्र. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांनी दोन दिवस झाडीपट्टीची आठवण काढली. एरवी आपल्याला पत्ता नसतो की इथे शेतात मंडप टाकून, तिकीट लावून, ब्लँकेट पांघरून हजारभर माणसं पहाटेपर्यंत नाटक बघतात. मी रात्री साडेदहाला जाऊन बसले. ऑर्गन, तबला, रडारड, मधेच एक लावणी, पुन्हा रडारड. शेजारच्या काकूंनी न विचारता त्यांच्या घोंगडीचं टोक माझ्या पायावर टाकलं. बाराला उठले, कारण पहाटे निघायचं होतं. काकू नाराज झाल्या: "आता तं खरी मजा हाये."

पहाटे निघायचं, हा माझा प्लॅन. डोम्याच्या काकांचा नाही.

काका म्हणजे आमचे वाटाडे. साठीच्या आसपासचे, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, पायात रबरी चप्पल. त्यांना फोनवर मी सांगितलं होतं, साडेपाचला भेटू. ते "हो" म्हणाले होते. साडेपाचला मी त्यांच्या दारात हजर, आणि ते अंगणात शेकोटीपाशी निवांत.

"बसा ताई. चहा घ्या."

"काका, उजाडायच्या आत पोचायला हवं. पहिला प्रकाश निघून जाईल."

"जाऊ द्या त्याले. दुसरा येते."

फोटोग्राफी करणाऱ्या कुणालाही विचारा, ही थट्टा नाही. सूर्योदयाच्या आसपासचा एक तास आणि सूर्यास्ताच्या आधीचा एक तास, ह्यात अख्खं गणित असतं. ऊन तिरपं, रंग मऊ, सावल्या लांब. क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी हे सगळं काकांना साध्या भाषेत समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शेकोटीत एक काटकी सरकवली आणि म्हणाले, "बरोबर हाये. तोच टाइम त्याचा बी हाये."

त्याचा म्हणजे कोणाचा, हे या भागात विचारावं लागत नाही.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आपण जिप्सीतून बघतो: गेट, तिकीट, गाइड, सेल्फी. कोअर आणि बफर मिळून तो १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. पण वाघाला गेट माहीत नाही. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज आला आणि त्यात सर्वाधिक वाघ चंद्रपूर जिल्ह्यात. त्यातले बरेचसे व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, ब्रह्मपुरी वनविभागासारख्या जंगलात राहतात. चिमूरचं वनपरिक्षेत्र याच विभागात येतं. इथे जंगल आणि धानाच्या बांध्या एकमेकांत विणलेल्या आहेत. शेताचा बांध संपतो तिथे झाडी सुरू. माणसं सरपणाला, गुरं चारायला, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला आत जातात. मोहफुलं वेचायची वेळ पहाटेची, आणि वेचायची म्हणजे वाकून. वाघाला वाकलेला माणूस माणसासारखा दिसत नाही. दरवर्षी या जिल्ह्यात माणसं मरतात. पेपरात ती आतल्या पानावर, चार ओळीत येतात.

काकांनी आकडे वगैरे काही सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी त्यांच्या घरची गाय गेली, एवढंच बोलले. कुठे? त्यांनी हाताने दाखवलं. शेकोटीपासून अंदाजे आमच्या ऑफिसच्या पार्किंगइतकं अंतर.

सूर्य पावणेसातला उगवला. आम्ही साडेआठला निघालो. माझा अख्खा गोल्डन अवर चहा, पोपटाच्या शेंगा आणि काकांच्या नातवाच्या गणिताच्या गृहपाठात गेला.

वाट फार लांब नाही. पावसाळ्यात गाड्या बऱ्याच आतपर्यंत जातात. आम्ही गाडी अलीकडेच सोडली. सागाची पानं अजून झडायची होती, पण पिवळी पडायला लागलेली. पायाखाली करकर आवाज. काका पुढे, हातात काठी, अधूनमधून खाकरायचे, मोठ्याने बोलायचे. मला वाटलं गप्पिष्ट आहेत. मग लक्षात आलं, ते माझ्याशी बोलत नव्हते. आपण येतोय हे जंगलाला सांगत होते. मीसुद्धा मग उगाच मोठ्याने ऑफिसच्या गोष्टी सांगायला लागले. विदर्भाच्या जंगलात अप्रेझलवर इतकं तपशीलवार भाषण माझ्याआधी कोणी दिलं नसेल.

आणि मग पाण्याचा आवाज. आवाज म्हणण्याइतकासुद्धा नाही. नळ नीट बंद केलेला नसला की रात्री येतो ना, तसा.

समोर खडकाचा काळपट, ओला कडा आणि त्यावरून उतरणाऱ्या तीन धारा. एक मनगटाएवढी, दुसरी त्याहून बारीक, तिसरी तर नुसतीच थेंबांची माळ. पावसाळ्यातले फोटो पाहिलेल्या माणसाला हा तोच धबधबा आहे हे सांगूनही पटणार नाही. खाली कुंडातलं पाणी इतकं नितळ की तळाची पानं मोजता यावीत. काठावर पावसाळ्यातल्या पार्ट्यांचे अवशेष: प्लास्टिकचे ग्लास, चिप्सची पाकिटं, एक एकटा सँडल. काकांनी आधी देवीला हात जोडले, मग काहीही न बोलता ते ग्लास गोळा करायला लागले. मी पण लागले. अर्धी पिशवी भरली.

आता फोटोचं. (ज्यांना कॅमेऱ्यात रस नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.) सकाळचे साडेनऊ म्हणजे पुस्तकाप्रमाणे प्रकाश बिघडायची वेळ. पण डिसेंबरचा सूर्य इथे भर दुपारीसुद्धा डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे झुकलेला राहतो. जेमतेम शेहेचाळीस अंशांवर. त्यामुळे झाडी आणि कडा यांची सावली कुंडावरून हटतच नाही. जून-जुलैत हेच ऊन ढगांतून सुटलं तर सरळ वरून कोसळतं. म्हणजे पहाट हुकली तरी काही बिघडलं नव्हतं. सावलीतला प्रकाश सगळीकडे सारखा आणि मऊ असतो. फक्त तो निळसर असतो, कारण तो सूर्याचा नसून वरच्या आभाळाचा असतो. कॅमेऱ्यातलं व्हाइट बॅलन्स सात हजार केल्व्हिनच्या आसपास नेलं की खडक पुन्हा खडकाच्या रंगाचा होतो. थोडी निळाई मी मुद्दाम ठेवली. थंडी दिसायला नको?

मग ट्रायपॉड. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ११, समोर पोलरायझर. पोलरायझर म्हणजे लेन्सवर लावायची फिरती काच. ती फिरवली की ओल्या खडकावरची चकाकी मरते आणि खालचं शेवाळ हिरवंगार वर येतं. शिवाय ती थोडा उजेड खाते, म्हणून शटर आपोआप लांबवता येतं. एक सेकंद ठेवला तर बारीक धारेचं रेशीम होतं. दोन-तीन सेकंद ठेवलं तर धूर होतो आणि धार हरवते. जाड धबधब्याला चालतं ते हिला चालत नाही. मला अर्ध्या सेकंदाचा फोटो सगळ्यात आवडला. त्यात पाणी पाण्यासारखं दिसतं. सगळा कडा एका फ्रेममध्ये बसवायचा मोह सोडला, कारण तेवढ्या खडकात ती धार केसासारखी दिसायची. जवळ गेले, फक्त एक खोबण, तिच्यातून वळणारं पाणी आणि पाण्यात अडकलेलं सागाचं एक पान. तिसऱ्या, थेंबांच्या धारेवर मात्र अकराच्या सुमारास पानांतून एक कवडसा पडला. तिथे उलट केलं, हजारांश सेकंद. प्रत्येक थेंब वेगळा. फोनवाल्यांनी निराश होऊ नये. आजकालच्या फोनमध्ये लाँग एक्स्पोझरची सोय असते. फोन दगडाला टेकवा, टायमर लावा आणि श्वास रोखा.

असा दीड तास मस्त गेला. मग ट्रायपॉड कुंडाच्या पलीकडच्या काठावर न्यायचा म्हणून मी ओल्या रेतीकडे वळले, आणि काका म्हणाले, "ताई, थांबा. पाय नका ठेवू."

रेतीत ठसा होता. एक नाही, चार. माझा पंजा पसरून जेवढा होतो तेवढा एकेक. कडा अजून कोसळल्या नव्हत्या, मधे पाणी झिरपलेलं नव्हतं. पाण्याकडे आलेले आणि पाण्याकडून परत गेलेले. काका उकिडवे बसले, बोटाने न शिवता वरूनच माप घेतलं. "पहाटचा हाये," म्हणाले. मग थोडं थांबून, "तुमच्या टाइमचा."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. थंडीत छोटे पाणवठे आटायला लागतात, तेव्हा अशी टिकून राहिलेली धार फक्त फोटोग्राफरलाच हवी असते असं थोडंच आहे?

काकांनी मला त्या ठशांचा फोटो काढायला सांगितलं. बाजूला काडेपेटी ठेवली, मापासाठी. साधा, सरळ, वरून काढलेला फोटो. कॅमेऱ्यातून फोनवर घेतला, पण जंगलात रेंज नव्हती. नंतर गावाजवळ आलो तेव्हा काका तिथेच रस्त्यात उभे राहिले आणि म्हणाले, "धाडा आता. गावच्या ग्रुपवर टाकतो. बाया सरपणाले जातेत इकडं." दोन मिनिटांत त्यांच्या फोनवर उत्तरं यायला लागली. एकाने कुठला नाला विचारलं, एकाने वनरक्षकांना पुढे पाठवला. त्या दिवशी काढलेल्या दोनशे बारा फोटोंपैकी लगेच कोणाच्या उपयोगाला आलेला तो एक.

पण त्याआधी एक वाद राहिला होता, दुपारच्या प्रकाशाचा. साडेतीन-चारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरपं होऊन झाडीत शिरलं असतं आणि कडा सोनेरी झाला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं. खरं सांगायचं तर ठसे बघूनही मला थांबावंसं वाटत होतं. काका तीनला उठले आणि मफलर बांधायला लागले. वाद झालाच नाही. वाटेत डोक्यावर मोळ्या घेतलेल्या पाच-सहा बायका भेटल्या, एकमेकींना चिकटून, मोठमोठ्याने बोलत चालणाऱ्या. त्यातली एक काकांना ओरडली, "इतक्या उशिरा पोरीले घेऊन कुठं फिरता?" घड्याळात सव्वातीन झाले होते.

परत आल्यावर लॅपटॉपवर फोटो उघडले. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन धारांच्या तेरा करणं पाच मिनिटांचं काम आहे, आणि सोनेरी ऊन तर एका क्लिकचं. एका मित्राने करूनही दाखवलं. सुंदर दिसत होतं, अगदी कॅलेंडरवर छापावं असं. फक्त ते मुक्ताईचं नव्हतं आणि डिसेंबरचंही नव्हतं. तिथल्या डिसेंबरात ते ऊन बघायला कोणी थांबत नाही, आणि का थांबत नाही ते मी पाहून आले होते. मी बारीक धारेचाच फोटो ठेवला. लाइक्स कमी आले. असो.

तीन दिवस हाताशी असतील तर तिथूनच गडचिरोलीकडे उतरा. १९८२ पर्यंत हा चंद्रपूरचाच भाग होता, त्या वर्षी वेगळा जिल्हा झाला. आलापल्लीपर्यंत रस्ता सरळ आणि पुढे भामरागडपर्यंत जंगल जंगल जंगल. वाटेत हेमलकसा, प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प, १९७३ पासूनचा. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या भेटतात. बस्तरमध्ये चित्रकोटला जी नदी एवढा आवाज करत कोसळते तीच ही इंद्रावती. इथे पोचेपर्यंत ती इतकी शांत होते की डिसेंबरच्या सकाळी तिच्यावर फक्त धुकं हलताना दिसतं. गडचिरोलीचा खरा मोठा धबधबा लाहेरीच्या पलीकडे, बिनागुंड्याला, अबुझमाडच्या काठावर. वर्षानुवर्षं माओवाद्यांच्या बातम्यांमुळे तिकडे बाहेरचं कोणी फिरकत नव्हतं. २०२५च्या ऑक्टोबरात त्यांचा बडा नेता भूपती याने गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, त्यानंतर लोक तिकडच्या सहलीच्या गोष्टी करायला लागले आहेत. मी या वेळी गेले नाही. जाणाऱ्यांनी आधी भामरागडला पोलीस आणि वन विभागाकडे चौकशी करावी आणि स्थानिक माणूस बरोबर घ्यावा. माडिया गोंडांच्या गावात शिरताना कॅमेरा आधी बॅगेत, ओळख झाली की बाहेर.

मुक्ताईला जाणाऱ्यांसाठी: नागपूरपर्यंत विमान, रेल्वे किंवा समृद्धी महामार्ग, पुढे गाडी. राहायला चिमूरला साधे लॉज आहेत. जरा ऐषारामी हवं असेल तर ताडोब्याच्या कोलारा गेटजवळची रिसॉर्ट्स. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, स्वेटर घ्याच. ट्रायपॉड, पोलरायझर, जादा बॅटरी आणि कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी. नाटक कुठल्या गावात आहे ते चहाच्या टपरीवर विचारा, पोस्टर बघत बसू नका. जंगलात एकट्याने जाऊ नका, आणि वाटाड्याला साडेपाचची वेळ देऊ नका. तो "हो" म्हणेल. चहा मात्र चांगला मिळेल.